बोरझरीच्या चढावर

३ डिसेंबर

ही वही सरफराजभाऊनं देली. तो खदानीत डंपर चालवत होता तवाची आहे, कोरीच राह्यली होती. म्हणे, पंचफुलाबाई, गाडी शिकाची असन तं काय चुकलं ते लिहाचं. लिहिलेली चूक माणूस पुन्हा करत नाई. म्हटलं, मी चौथी शिकली, माह्यं अक्षर मुंगळ्यावानी. म्हणे, वाचाचं तुमाले आहे, मले नाई.

तं लिहितो. गाडी आली. हिरवी आहे. चारही चाकं ओढतेत तिचे. पैसे कुठून आले ते इथी लिहित नाई, माह्ये आहेत. गडचांदुरात चौदा वर्सं खानावळ चालवली, सिमेंटच्या कारखान्यातल्या पोट्ट्यांले जेवू घातलं.

गल्लीतल्या बाया इचारून राह्यल्या, येवढी मोठी गाडी कायले वं? म्हटलं धंद्याले. डोंगरावर रस्त्याचं काम निघालं आहे, तिथल्या मजुरांले डबे पोचवाचे. कमरजहाँ, म्हणजे सरफराजची बायको, माही मैतरीण, तिनं समोरच्या चाकापाशी काळा धागा बांधला अन् म्हणे, "डबे? डबे तो सायकल पर भी जाते, पंचफुला." मी म्हटलं, तू गप बस.

आता हे बी लिहून टाकतो, नाई तं वही अर्धी खोटी होईन. माहा नवरा डोंगरावर राहते. जिवतीच्या पल्याड बोरझरी म्हणून गुडा आहे, दहा-बारा घरं. तिथी त्याच्या बापाचं वावर आहे. चार वर्सं झाले. तो म्हणे खानावळ बंद कर, वरत चल. मी म्हटलं वावर सोड, इथी बस. कोणी हललं नाई. मंग तो बैलजोडी घेऊन गेला. जाताना म्हणे, येशील एखांद्या दिवशी. मी म्हटलं, दुसऱ्याच्या गाडीत बसून तुह्या दारी येणार नाई, अन् पायी तं मुळीच नाई. बोलून गेली. तोंडातून निघालेलं मी वापस घेत नाई, सारं गडचांदूर जाणते.

नाव लहानू. घ्या, लिहिलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं तं जीभ झडते म्हणतेत. हात तं झडला नाई.

५ डिसेंबर

अमलनाल्याच्या धरणाचं पाणी मांगं सरकलं आहे, तिथी मोकळं मैदान आहे. सकाळी धुवारी होती, दाट धुकं. पाणी कुठी संपते अन् धुवारी कुठी लागते, समजत नव्हतं. एक बगळा मधातच उभा होता, हवेत उभा असल्यासारखा.

सरफराज बाजूच्या शिटावर. कमरजहाँ मांगं, मांडीवर पानाचा डबा. म्हणे मी आली नाई तं लोक बोलतीन. मले माहीत आहे, तिले फुकटचं फिराचं आहे.

गाडी चालू केली, चालली. समोर म्हैस आली. मी म्हटलं "हो! हो!" अन् स्टेरिंग छातीकडं ओढलं. गाडी कायची थांबते! सरफराजनं हातब्रेक ओढला तवा थांबली. म्हैस जागची हलली नाई.

"बाई, हे बैल नाईत. 'हो' म्हटल्यानं थांबत नाई. पाय कुठी होता?"

"खालतं होता. आणखी कुठी असन?"

"ब्रेकवर काऊन नव्हता?"

"बैलबंडीले ब्रेक असते का?"

कमरजहाँ मांगून हसून हसून शिटावर लोळली, पान सांडवलं तिनं नव्या गाडीत.

मी काय करू. दहा वर्साची होती तवापासून बापाची बंडी हाकली. मले हाकाचं म्हटलं की पुढं दोन पाठी पाहिजेत, हलणाऱ्या. इथी पुढं काच आहे अन् काचेपुढं सारं मोकळं. येवढं मोकळं पाहून मले कसंतरी होते. पडल्यासारखं होते. पण वाईट नाई वाटत.

चूक: स्टेरिंगले अंगठे गुंडाळून धरले, कासऱ्यावानी. दगडावर चाक गेलं, स्टेरिंग आपोआप फिरलं, अंगठा मुरगळला. अंगठे बाहेर ठेवाचे.

९ डिसेंबर

बाजाराचा दिवस. हरिदास थैली घेऊन आला. हरिदासची जीप रोज डोंगर चढते-उतरते, शिटा भरून. दर बाजारी तो वरतून माह्या नवऱ्याची थैली आणते अन् खालून माही नेते. चार वर्सं एकही बाजार चुकला नाई. या वेळी आवळे, तीळ, अन् पळसाच्या पानात बांधलेलं मधाचं पोळं. चिठ्ठी नाई. त्याले लिहिता येते, माह्यापेक्षा तीन यत्ता जास्त शिकला. तिथी टावर नाई म्हणून फोन नाई, ते ठीक. पण चिठ्ठीले टावर लागते का?

"भाऊ बरे आहेत," हरिदास म्हणे.

"मी इचारलं का?"

"नाई. तुमी कधी इचारत नाई. मी सांगून राह्यलो."

थैली रिकामी वापस पाठवणं बरं दिसत नाई. कणीक टाकली, ठेचा टाकला, टाचेच्या भेगांचं मलम टाकलं. थंडीत त्याच्या टाचा फाटतेत. फाटू देत, मले काय.

मध चांगला होता. चाटून पाह्यला. मंग बसूनच राह्यली, चुलीवरचं वरण उतू गेलं.

१४ डिसेंबर

गेरच्या बाजूले आणखी एक छोटा दांडा आहे. तो मांगं ओढला की गाडी मुंगीवानी चालते, पण म्हणे भिताडावर बी चढन. याले लो म्हणतेत. मले हळू चालणारी कोणतीच गोष्ट आवडत नाई. म्हटलं हे कायले शिकू? सरफराज म्हणे, डोंगर घाई करणाऱ्याले उतरू देत नाई.

टेकडीवर नेली. वरतून खालतं पाह्यलं अन् ब्रेकवर पाय दाबून धरला. सरफराज म्हणे, "आता ब्रेक नाई मारायचा. क्लच नाई दाबायचा. पाय उचलून घ्या, दोनी."

"अन् थांबणार कशी?"

"थांबायचं नाई. इंजिन धरते गाडीले."

"कसं धरते?"

त्याले सांगता येईना. हातवारे करून राह्यला. गाडी उताराले लागली अन् मलेच समजलं. उतारावर बैल मान मांगं टाकतेत, जू मानेवर घेतेत, बंडीचा सारा भार त्यांच्या मानेवर टेकते अन् बंडी हळूहळू उतरते. हाकणाऱ्यानं फक्त गप बसाचं असते. इंजिन बी तशीच मान धरते. मी हे सरफराजले सांगतलं. त्यानं हातवारे थांबवले. मंग म्हणे, "तीस वर्सं झाले चालवून राह्यलो बाई, असं कोणी सांगतलं नाई."

लोमंधी उतरताना कसं होते ते लिहितो. झोप लागल्यासारखं होते पण मी जागी असतो. इंजिन पोटातल्या पोटात गुणगुणते. झाडं एकएक करून जवळ येतेत, चांगलं पाहून घेतेत, मंग जातेत. एक सागाचं पान वरतून सुटलं. मी अर्धा उतार उतरली तरी ते अजून हवेतच होतं.

चूक: काही नाई आज.

१५ डिसेंबर

सपनात गाडीले शिंगं फुटले होते. मी चारा टाकला तं खाईना. माह्याकडं पाहत होती, की कवा निघाचं.

२२ डिसेंबर

लर्निंग लायसन भेटलं. कॉम्प्युटरवर चित्रं पाहून बोट लावाचं. पास झाली. फोटोत मी कोंबडी चोरून आणल्यासारखी दिसतो.

४ जानेवारी

आज पहिल्यांदा जंगलातल्या वाटेनं. माणिकगडाच्या अंगानं बंडीवाट आहे, गावाच्या वहिवाटीची. जंगलखात्याच्या नाक्यावर सांगून गेलो.

आत शिरलं की आवाजच बदलते. सागाचे मोठे मोठे पानं चाकाखाली पापडावानी मोडतेत. ऊन खालपर्यंत येत नाई, वरतीच कुठी अडकून राहते. मले वाटलं मी पाण्याच्या तळातून चालली आहे. असलं मले लिहिता येत नाई, पण तसंच होतं.

त्या नादात फसली. वाटेत बंडीच्या चाकोऱ्या होत्या, खोल, पावसाळ्यातल्या, वाळून दगड झालेल्या. माह्या हातानं गाडी आपोआप चाकोरीत घातली. बंडी चाकोरीत घातली की काम झालं, माणूस झोपला तरी बैल घरी नेतेत. गाडी दहा हात गेली अन् खालून खर्रर्र. मंग चारही चाकं फिरून राह्यले अन् गाडी जागची हलेना. मधल्या उंचवट्यावर पोट टेकलं होतं तिचं.

"चाकोरीत कोण घालते गाडी, बाई!"

"सारं जग घालते!"

"बंडीचं चाक छातीयेवढं. म्हणून तिचं पोट वरतं राहते. हिचं पोट खालतं आहे. एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवायचं, दुसरं चाकोरीच्या बाहेर. चाकोरी पोटाखालून जाऊ द्यायची." मंग कपाळाले हात लावून म्हणे, "शहरातल्या लोकांले शिकवलं मी. ते गड्ड्यात घालतेत, झाडाले ठोकतेत. पण ही चूक बंडी हाकणारंच माणूस करू शकते."

दोन घंटे खोदलं. सरफराज पोटाखाली झोपून मधातली माती काढे, मी चाकाखाली दगड टाको. टायरची हवा कमी केली. कमरजहाँ पळसाखाली पदर पसरून बसली अन् सल्ले देऊन राह्यली. "इधर से खोदो जी. नाई, इधर से." मी फावडं फेकून देलं. म्हटलं विकतो ही गाडी, आजच विकतो, फुकट देतो कोणालेबी.

"फुकट देते तो मेरे को दे," कमरजहाँ म्हणे. "मैं जाऊंगी बोरझरी."

मी तिच्याकडं पाह्यलंच नाई.

निघाली गाडी शेवटी. निघाची घाई नव्हती मंग. बसलो घडीभर. सुतारपक्षी कुठीतरी ठोकून राह्यला होता. ही वाट कुठी जाते म्हणून इचारलं. सरफराज म्हणे, वरत, जिवतीकडं, तिथून फाटे फुटतेत. मी म्हटलं बोरझरीच्या फाट्यावर किती चाकोऱ्या असतीन? डब्याचा हिशोब लावाले इचारलं.

१९ जानेवारी

आज घाट चढून पठारावर. रस्त्याच्या कामाचा अजून पत्ता नाई, मजूर नाई, डबे कोणाले देणार. पण वाट माहीत असावं.

वरत हवा वेगळी. कापूस येचून झालेला, पऱ्हाटीच्या नुसत्या काड्या उभ्या, अन् त्याच्या पल्याड डोंगरामांगं डोंगर, एकापेक्षा एक फिके. शेवटचा कोणता, डोंगर का आभाळ, ते सांगता येत नाई. एका घराचा धूर सरळ वरत जाऊन राह्यला होता. सकाळची चूल इतक्या उशिरा कोण पेटवते? बिनबायकोचं घर असन. उगाच पाहत बसली.

सरफराजनं हळूच म्हटलं, "बाई, इंजिन बंद करू का? पाऊण तास झाला."

मले वाटलं पाच मिनिटं झाले असतीन. मी कोणासाठी पाच मिनिटं थांबत नाई. खानावळीत उशिरा आलेल्याले ताट वाढत नाई.

चूक: डिझेल जाळलं.

३ फेब्रुवारी

थैली आली नाई.

हरिदास रिकाम्या हातानं आला. दारातच उभा राह्यला. मी म्हटलं, "काय झालं? पडला काय तो?"

"आज इचारलं तुमी," हरिदास म्हणे.

"बोल लवकर. माह्या भाकरी जळून राह्यल्या."

"भाऊ बरे आहेत. पण चालले. तेलंगणात मिरची तोडाले. शिवरात झाली की निघतेत. तिथला ठेकेदार म्हणते इथीच राह्य, तं राहीन म्हणतेत. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन राह्यले. बैल घेऊन जाणार."

"वापस कधी?"

"वापसीचं बोलले नाई."

"मंग खालतं काऊन नाई येत? येवढं मोठं घर आहे इथी."

हरिदासनं जमिनीकडं पाह्यलं. "मी म्हटलं तसं त्याईले. तं म्हणे, तिची खानावळ, तिचं घर. तिनं कधी बलावलं का?"

जाओ. जिकडं जायाचं तिकडं जाओ. मिरचीनं हाताची आग होते, तीन तीन दिवस जात नाई, त्याले काय माहीत. त्याले तं घरी मिरच्या कापाले देल्या तं डोळे चोळत बसे. चार वर्सं माह्यापासून दोन घंट्याच्या वाटेवर होता. म्हणजे गाडीनं दोन घंटे. म्हणजे गेली तं.

आज दोनदा गाडी काढली. सकाळी एकदा, जेवणं आटोपल्यावर एकदा. सरफराज म्हणे, डब्याची येवढी काय घाई. मी म्हटलं, आहे घाई.

७ फेब्रुवारी

पक्कं लायसन भेटलं. साहेबानं इचारलं, कोणती गाडी चालवणार? म्हटलं, दारात उभी आहे ती. तो खिडकीतून पाहून आला. म्हणे, बाई, ही तं डोंगरावरची आहे. म्हटलं, मी बी.

११ फेब्रुवारी

बोरझरीले निघालो, तिघं. लिहितो सरळ. हरिदासची जीप जिथून वळते तिथून पुढं तीन मैल बंडीवाट आहे. आधी नाला, मंग चढ, मंग गुडा.

नाल्यापर्यंत बरोबर नेली. चाकोरी पोटाखालून जाऊ देली, अंगठे बाहेर. सरफराज म्हणे शाबास. नाल्यापाशी थांबली. पाणी वाहून राह्यलं होतं, खालचे गोटे दिसून राह्यले होते. समोर चढ, चढावर बांबू, अन् बांबूच्या वरतं आभाळाचा तुकडा. तिकडून कुत्रं भुंकलं. त्या गुड्यातलं असन. त्याच्या दारातलं बी असन.

मी म्हटलं, पाणी लय आहे. वापस.

"बाई, घोट्यायेवढं आहे."

"लय आहे म्हटलं ना."

गडचांदूर आल्यावर सरफराज हळूच म्हणे, गाडी चढली असती बाई. कमरजहाँनं पान तोंडात टाकलं. "गाडी तो चढ जाती," म्हणे.

चूक: पाण्याचा अंदाज चुकला.

१६ फेब्रुवारी

खानावळीत दोनदा मीठ टाकलं भाजीत. पोट्ट्यांनं खाल्लं गुमान. भेतेत मले.

कमरजहाँ आली. मी म्हटलं उद्या चलता का, पाणी उतरलं असन. म्हणे, "मैं नाई आती. ये भी नाई आयेंगे."

"काऊन? मैतरीण आहे का वैरीण?"

"मैतरीण है इसलिए." मंग माह्याच ताटातली भाकर तोडून खाल्ली. "तू जायेगी, उधर सरफराज उतरेंगे, सलाम करेंगे, मैं उतरूंगी, चाय होगी, मेरी बकबक होगी. तुम दोनों को बोलना ही नाई पडेगा. वैसेच वापस आ जायेगी. अकेली जा."

"त्याले भेटाले कोण जाऊन राह्यलं? मले नाला पाहाचा आहे."

"हां हां," म्हणे. "नाला देख के आ."

२३ फेब्रुवारी, बोरझरी

शिवरात तीन दिवसावर आहे. आज आली. गाडीत बसून लिहितो, वही स्टेरिंगवर टेकवून.

पोट्ट्यांले सकाळचं जेवण करून ठेवलं अन् निघाली. पहिल्यांदाच बाजूचं शीट रिकामं. धुवारी होती. घाट चढताना मोड एकएक करून दिसत होते, पुढचा दिसेपर्यंत मांगचा पुसल्या जाये. पळसाले फुलं लागले आहेत, धुवारीत झाड दिसत नव्हतं, फुलंच दिसत होते, हवेत अंगार ठेवल्यासारखे. मले वाटलं अजून सकाळ झालीच नाई, मी खाटेवर आहे. अंगठ्यानं स्टेरिंग दाबून पाह्यलं. खरं होतं.

नाल्यापाशी उतरली. चपला काढल्या, लुगडं खोचलं, पायानं नाला पाहून आली. घोट्याच्या वर बोटभर. गोटे गोल, पण बसलेले. वापस आली, छोटा दांडा मांगं ओढला, अन् मधात कुठी न थांबता पल्याड. नाल्यात काहीच नव्हतं. अकरा तारखेले काय पाह्यलं मी, देव जाणे.

मंग चढ. एका अंगाले डोंगर, एका अंगाले खोल, बांबूनं भरलेलं. चाकोऱ्या ताज्या होत्या. एक चाक उंचवट्यावर घेऊन गाडी गुणगुणत चढून राह्यली होती. बांबूचे पानं काचेवर येऊन सरकून जायेत. मी काही इचार करत नव्हती. लोमंधी इचार बी लोमंधी चालतेत.

तं घंट्या ऐकू आल्या.

आधी वाटलं कानातच आहेत. मंग धुवारीतून शिंगं निघाले, मंग तोंडं, मंग जू. बंडी उतरून राह्यली होती. भरलेली. खाट उलटी घातलेली, चारही पाय वरत. पोती, भांडी, घोंगडं, कोंबड्याचं खुराडं. अन् पुढं तो. दाढी पांढरी झाली. बाकी तसाच, मान थोडी वाकडी करून पाहाची खोड तशीच.

बैल थांबले. मी थांबली. मधात दहा हात जागा. हॉर्न वाजवाचा इचार आला. पण नवऱ्याले हॉर्न कसा वाजवाचा?

तो गाडीकडं पाहे, माह्याकडं पाहे. चार वर्सं झाले होते बोलून. तं म्हणे,

"मांगं घे."

"तू घे."

"उतारावर बंडी मांगं जाते का?"

"मी कायले घेऊ? चढणाऱ्याले वाट असते. मले शिकवलं सरफराजनं."

"त्याच्या सडकेवर असन. डोंगरात भरल्या बंडीले वाट असते. रिकाम्यानं मांगं सरकाचं." मंग हळूच म्हणे, "तुह्या बापानंच सांगतलं होतं मले ते, लगनाच्या साली."

खरं होतं. बाप सांगे तसं. रिकामी बंडी कितीबी वरत चढली असन तरी भरल्या बंडीसाठी सरकते, मंग ती पाटलाची असो का कोणाची. अन् मी रिकामी होती. मांगं पाह्यलं, शिटावर काहीच नव्हतं.

सरफराज कवाचा म्हणत होता, मांगं घेणं शिका. मी म्हणे मले पुढं जायाचं आहे, मांगं कायले शिकू? आता उतार मांगं, वळण मांगं, खोल बाजूले बांबू.

"मले येत नाई मांगं घेता," मी म्हटलं.

मले येत नाई, असं मी कोणाले कधी म्हटलं नाई. त्याले तं नाईच नाई. तो बी चमकला. मंग खाली उतरला, बंडीच्या चाकाले दगड लावला, बैलांच्या मानेवर थाप मारली, अन् गाडीच्या बाजूनं अंग चोरून मांगं गेला. काचेपाशी आला तवा कडब्याचा वास आला त्याच्या अंगाचा. मी समोर पाहून राह्यली.

मांगून आवाज आला. "सोड. हळू. ये… ये… तुह्या डाव्या हाताले. थोडं. बस्स. ये…"

आरशात तो धुवारीत उलटा चालून राह्यला होता, दोनी हात वरत करून, कधी दिसे, कधी नुसता आवाज. बैलांशी बोलते तो आवाज. घरात माह्याशी कधी त्या आवाजानं बोलला नाई. बोलला असता तं. जाऊ दे. मी आरशात पाहणं सोडून देलं, आवाजावरच चालवली. इंजिननं मान धरली होती. "ये… ये… भेऊ नको, मी आहे मांगं… ये… हो!"

मी थांबली. पाय ब्रेकवर होता.

चढाच्या पायथ्याशी थोडी रुंद जागा आहे, तिथी आली होती गाडी. तो चढून वरत गेला, बंडी घेऊन उतरला, माह्या बाजूनं काढली अन् थांबवली. जायाचं तं थांबाले नको होतं.

"कुठी चालली होती?"

"डबे पोचवाले."

त्यानं मांगच्या शिटावर पाह्यलं. "कुठी आहेत डबे?"

"विसरली."

"हव," म्हणे.

मंग मी इचारलं, "अन् तू कुठी? शिवरात तं झाली नाई अजून. तेलंगणाची वाट तं गुड्याच्या पल्याडून उतरते. इकडून तं गडचांदूर येते."

तो कासऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधून राह्यला होता. "बैल इकडं वळले," म्हणे.

म्हातारे झाले बैल. वाट चुकाले लागले. जनावरांवर कायले चिडाचं.

मंग त्यानं गाडीच्या चाकाले हात लावून पाह्यलं, खालतं वाकून पोट पाह्यलं. "चढते का ही, वरपर्यंत?"

"पाहाचं आहे?"

"पाहू."

बैल सोडून नाल्याच्या काठानं चराले लावले. तो पाय झटकून आत बसला, झटकताना तीनदा झटकले. मी छोटा दांडा ओढला. चढताना त्यानं वरची दांडी दोनी हातानं धरली होती, पण माह्याकडं पाहत होता, वाटेकडं नाई. अर्ध्यात म्हणे, "चाकोरी सोडून चालवतं तू?" मी म्हटलं, हव, पोट लागते. तो म्हणे, असं का.

आंगणात चाकं टेकेपर्यंत मी उतरली नाई. बोलली होती ते बोलली होती.

दाराले कुलूप. "रिकाम्या घराले कुलूप कायले?"

"घर आहे ना," म्हणे, अन् करदोड्याची चावी काढली.

आत सारवलेलं होतं. जाणारं माणूस सारवते का घर? खाटेच्या जागी खाटेच्या पायाचे चार खड्डे. खिडकीतून धुवारी आत येऊन बसली होती.

"चहा मांडला असता," म्हणे, "पण भगोनं बंडीत आहे."

"साखर?"

"बंडीत."

"मंग इथी आहे काय?"

त्यानं चारही कोपऱ्यांत पाह्यलं. "चूल आहे."

मी म्हटलं, गाडीनं जाऊन पाच मिनिटात आणतो भगोनं. म्हणे, नाई, मी आणतो, पायी जातो, तू बस. घाई आहे का? खानावळीत संध्याकाळचे साठ ताटं मांडाचे होते. कणीक भिजवाची होती.

म्हटलं, नाई.

तो जाऊन घंटा झाला. मी आंगणभर फिरली, चूल झाडली, काटक्या आणून लावल्या, मंग गाडीत येऊन हे लिहित बसली. धुवारी उठली आहे. खालच्या बांबूचे शेंडे पिवळे दिसून राह्यले. मोहाले अजून फूल नाई, पण वास येऊन राह्यला, मलेच येत असन.

आता घंट्या वाजल्या, चढावर. उभी राहून पाह्यलं. भगोनं आणाले गेला होता अन् सारी बंडी घेऊन चढून राह्यला येडा, खाट, पोती, खुराडं, सारं. मघाच उतरवलं ते. बैलांचा जीव जाईन.

आंगण लहान आहे, गाडी मधात उभी आहे. बंडी आत यायाची तं मले मांगं घ्या लागन.

घेतो. येते आता मले.